शंभराची मेमरी, एकशे तेहेतीसचं लेबल

मला फसवणाऱ्या माणसाचं दुकान उल्हासनगरात होतं आणि ते शोधून काढलं होतं मीच. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याच्यावर जो राग काढला, त्यातला थोडा माझ्यावरचाही होता.

साल २००२. मी बी.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. आमच्या घराण्यात माझ्याआधी दहावीच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. वडील अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत शिपाई होते. मुलांपासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळी शाळा त्यांना 'मामा' म्हणायची. मी त्याच शाळेत शिकलो. माझी फी तिथे माफ होती, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं तिथल्याच एका बाईंनी स्वतःहून घेऊन दिली होती. त्या शाळेचं मी काही देणं लागतो, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

मी मराठी टायपिंग आणि डीटीपी शिकलो होतो. घरच्या घरी काम करता यावं म्हणून कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. उल्हासनगरच्या बाजारात कॉम्प्युटरची दुकानं ओळीनं होती, बहुतेक सिंधी लोकांची. त्यात एक दुकान मराठी माणसाचं. मी वडिलांना तिथे नेलं. दुकानदारानं त्यांना आत एसीच्या केबिनमध्ये बसवलं, 'काका, काका' करत पाणी दिलं.

"काका, बाजारात कुठंही विचारा, पण घ्या इथूनच," तो म्हणाला. "आपल्या माणसाला आपण फसवणार का?"

वडिलांना एवढं पुरलं. खरं म्हणजे मलाही पुरलं.

त्यानं आमच्यासमोर मशीन जोडलं. सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रोसेसरचा वेग आला, सोळाशे मेगाहर्ट्झ. ठरलाही सोळाशेचाच होता. मग त्यानं कॅबिनेटच्या मागच्या दोन स्क्रूंवर आपल्या दुकानाचे गोल स्टिकर चिकटवले. "हे सील फाटलं की वॉरंटी संपली. कोणालाही उघडू द्यायचं नाही."

दुसऱ्या कोणी ते स्टिकर महिन्याभरात नखानं काढले असते. आमच्याकडे ते होणं शक्य नव्हतं. दहावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं शाळेत आणायचं काम वडिलांनी कितीतरी वर्षं केलं होतं. सील म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजवायची गरज नव्हती. घरी आल्यावर त्यांनी आईला बजावलं, "पुसताना मागच्या बाजूला फडकं लावू नकोस."

पुढच्या मार्चमध्ये शाळेला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली. जूनमध्ये कार्यक्रम आणि त्यात स्मरणिकेचं प्रकाशन. वडिलांनी इतक्या वर्षांच्या नोकरीत मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या वेळी मात्र त्यांनी विचारलं. "बाई, आमचा मुलगा करेल ते टायपिंग. माझ्या शब्दावर द्या." बाईंनी दिलं.

मी एप्रिल आणि मे त्या कामात घातला. माजी विद्यार्थ्यांचे लेख, जुन्या शिक्षकांच्या आठवणी, आणि पंचवीस वर्षांतल्या दहावीच्या मुलांच्या नावांची तुकडीवार यादी. आमचं घर पत्र्याचं. सकाळी मशीन शहाण्यासारखं चालायचं. दुपारचे बारा वाजून पत्रा तापला की ते रुसायचं. निळा पडदा यायचा, सगळं थिजायचं. मी बंद करायचो, टेबल फॅन लावायचो, पुन्हा सुरू करायचो. रोजचं काम रोज फ्लॉपीवर उतरवत होतो. दोन-दोन प्रती. कॉलेजात शिकवलेलं होतं ते सगळं मी नीट करत होतो.

तीन वेळा कॅबिनेट चादरीत बांधून रिक्षानं उल्हासनगरला नेलं. तिन्ही वेळा दुकानदारानं आधी मागचे स्टिकर तपासले, मग आतल्या गार केबिनमध्ये मशीन लावलं. ते तासभर कुरकुरलंसुद्धा नाही.

"बघ. चालतंय की!" तिसऱ्या वेळी दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो बोलला. "मशीन ओके आहे, चालवणाऱ्यात प्रॉब्लेम आहे. मराठी फॉन्ट कुठून कुठून आणून टाकता, मग व्हायरस येतो. बी.एस्सी. झालायस ना रे? मग थोडं डोकं वापर. नाहीतर रॅम वाढव अजून एक."

लोक हसले. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते.

जूनमध्ये छापखान्यात फाइल उघडली तेव्हा नावांच्या यादीत मधेच ओळीच्या ओळी चौकोन आणि प्रश्नचिन्हांच्या झाल्या होत्या. काही लेख अर्ध्यावर तुटलेले. दोन फाइली तर उघडल्याच नाहीत. दुसऱ्या फ्लॉप्यांवरही तेच, घरच्या मशीनमध्येही तेच. कार्यक्रम तिसऱ्या दिवशी होता.

शाळेनं मग जे केलं ते सांगतो. पाहुण्यांना प्रकाशनासाठी काहीतरी द्यायला हवं, म्हणून बाईंनी वडिलांना एक जुनं मासिक चमकत्या कागदात बांधून ठेवायला सांगितलं. पाहुण्यांनी फक्त वरूनच दाखवायचं, असं ठरलं होतं. पाहुण्यांना ते कोणी सांगितलं नाही. त्यांनी फीत सोडली, कागद काढला, चष्मा लावला आणि माइकवर नाव वाचलं. तीन वर्षांपूर्वीच्या विज्ञान प्रदर्शनाची नियमावली होती ती. घाईत वडिलांच्या हाताला तीच लागली होती. सभागृहात मागून हशा उठला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्या शिक्षकांसमोर, मोठ्या बाई वडिलांना म्हणाल्या, "तुमच्या शब्दावर दिलं होतं, मामा." एवढंच. आणि आठवीचे एक सर चहा पिता पिता बोलले, "शिपायाच्या घरात छापखाना निघाला, की व्हायचं ते हेच."

हे मला वडिलांनी सांगितलं नाही. शाळेतल्या दुसऱ्या शिपाईमामांनी सांगितलं. वडिलांनी त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये चहा घेणं बंद केलं. शिक्षकांना कप द्यायचे, आणि स्वतःचा बाहेर नळापाशी उभं राहून प्यायचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला अजूनही चूक माझीच वाटत होती. दुकानदारानं सांगितलं होतं म्हणून मी आणखी एक रॅम घ्यायला गेलो, पण त्याच्याकडे जायची हिंमत झाली नाही. मागच्या गल्लीत एक म्हातारे सिंधी गृहस्थ फक्त मेमरी, म्हणजे रॅमच्या पट्ट्या, विकायचे. दुकान कपाटाएवढं, हातात कायम भिंग.

"पुरानावाला लाया है?" त्यांनी विचारलं. "दो अलग माल साथ में लगाएगा तो झगड़ा करेंगे. सस्ता बोर्ड है ना? सस्ता बोर्ड सबको नहीं संभालता."

मी म्हणालो, "अंकल, कॅबिनेटला सील आहे."

"सील?" त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं. "मशीन तेरी, घर तेरा, और सील उसका? बेटा, तू पढ़ा-लिखा है के नहीं?"

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट घेऊन गेलो. स्टिकर त्यांनीच फाडले. मेमरीची पट्टी काढली. तिच्यावर पांढरं लेबल होतं, १३३ लिहिलेलं. त्यांनी ते नखानं हळूच सोलून काढलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. काळ्या चिपवर बारीक अक्षरांत एक लांबलचक क्रमांक होता आणि त्याच्या शेवटी दहा.

"आँकड़ा छोटा तो माल तेज. दस लिखा है तो माल सौ का. एक सौ तैंतीस का होता तो साढ़े सात लिखा होता," ते म्हणाले. मग बोर्डावर बोट ठेवून त्यांनी एक प्लास्टिकची टोपी दाखवली, तुरीच्या दाण्याएवढी. तिला जंपर म्हणतात. दोन पिनांवरून उचलून शेजारच्या दोन पिनांवर बसवली, की बोर्डाचा ठोका, म्हणजे त्याची मूळ गती, शंभराची एकशे तेहेतीस होते. आमचा प्रोसेसर त्या ठोक्याच्या बारा पट पळणारा होता. म्हणजे मूळचा बाराशेचा. टोपी हलवून त्याला सोळाशेचा केला होता. महाग बोर्डावर मेमरीला वेगळा, सावकाश ठोका देता येतो. आमच्या बोर्डावर ती सोय नव्हती. प्रोसेसर पळाला की मेमरीनंही त्याच्याबरोबर पळायचं.

"बुड्ढे को दौड़ाया है. सुबह ठंडक में दौड़ेगा. दोपहर को गिरेगा. गिरते-गिरते जो हाथ में है वो भी गिराएगा."

त्याच्या हातातून पडलं होतं ते माझं काम. फ्लॉपीवर जाणारी प्रत्येक प्रत त्याच मेमरीतून जात होती. मी जितक्या काळजीनं प्रती काढत होतो, तितक्याच काळजीनं चुका साठवत होतो.

अंकलनी टोपी जागेवर बसवली. पडद्यावर बाराशे आले. मग त्यांनी एक फ्लॉपी दिली. तिच्यात मेमरी तपासायचा प्रोग्रॅम होता. मेमरी चुकली की पडद्यावर लाल ओळ उमटते. ती फ्लॉपी देताना त्यांनी काहीही मागितलं नाही. माझ्या मनात कृतज्ञता ज्यांच्याविषयी आहे, त्यांत ते आहेत.

दुकानदाराशी भांडायला मी गेलो नाही. सील फाटलं होतं, त्यामुळे त्याच्यापाशी उत्तर तयार होतं. मी वेगळी वाट धरली.

आमच्याकडे महाग वस्तू घ्यायला माणूस एकटा जात नाही. सोबत 'जाणकार' नेतो. फ्रीज घ्यायचा तर शेजारचा इलेक्ट्रिशियन, सोनं घ्यायचं तर आत्या. कॉम्प्युटरला जाणकार मिळायचे नाहीत. मी अंबरनाथपासून बदलापूरच्या कात्रपपर्यंत ओळखीत सांगून ठेवलं, कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर मी येतो, फुकट येतो. आणि आलेल्या प्रत्येकाला मी त्याच दुकानात नेलं.

पहिल्या वेळी तो मला बघून खूशच झाला. "ये ये! गिऱ्हाईक घेऊन आलास? शाब्बास." मी मशीन पूर्ण जोडू दिलं. त्याला घाम गाळू दिला. सगळं झाल्यावर खिशातून फ्लॉपी काढली.

"दादा, एवढी एक तासभर चालवा. आणि एसी बंद करा जरा. यांच्या घरी एसी नाही."

चाळीस मिनिटांनी लाल ओळी आल्या. एक, मग चार, मग अख्खा पडदा. बाकीची गिऱ्हाइकं मान वळवून बघायला लागली. मी मेमरी काढायला लावली, लेबल सोललं, भिंग सगळ्यांच्या हातात फिरवलं. मग ज्यांच्यासोबत आलो होतो त्यांना म्हणालो, "चला काका. आपण मागच्या गल्लीत विचारू." मशीन काउंटरवर उघडं पडलेलं ठेवून आम्ही बाहेर पडलो.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पावसाळाभर मी हेच केलं. गिऱ्हाईक न्यायचं त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो. दारात मी दिसलो की त्याचा चेहरा उतरायचा, तो बघण्यासाठी मी मुद्दाम उंबऱ्यावर क्षणभर थांबायचो. पुढे तो माझ्या गिऱ्हाइकांना खरा माल लावायला लागला. तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या कोणाच्या मशीनमध्ये फ्लॉपी घालायला सांगायचो. एकदा, हे लिहायला हवं, फ्लॉपी तासभर चालून स्वच्छ निघाली. एकही लाल ओळ नाही. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी तरीही नकारार्थी मान हलवली आणि आम्ही निघून आलो. ते खोटं होतं. त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही आणि मागणारही नाही.

दसऱ्याला कात्रपची तीन कुटुंबं मुहूर्तावर मशीन घ्यायला आली होती. हार, पेढे, हळदकुंकवाची करंडी घेऊन. तिन्ही मशीनं जोडून झाली, शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर लाल ओळी उमटल्या, आणि तिन्ही कुटुंबं आपले हार आणि पेढे उचलून माझ्या मागोमाग बाहेर पडली. सणाच्या दिवशी, भरल्या बाजारात.

दुकानदार रस्त्यापर्यंत धावत आला. माझा दंड धरला. "तुला काय पाहिजे ते बोल. नवीन मशीन देतो. आत्ता, या क्षणी. ओरिजिनल, पेटीबंद. फुकट."

"मशीन नको. माझ्या वडिलांच्या शाळेत या, आणि मुख्याध्यापिकांना सांगा, लेबल कोणी लावलं होतं."

तो हसला. "वेडा आहेस का? शाळेत कशाला? घरी येतो, काकांच्या पाया पडतो."

"घरी अपमान झाला नव्हता."

त्यानं माझा दंड सोडला. दिवाळीच्या आधी मी आणखी दोन गिऱ्हाइकं नेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात त्याचा निरोप आला, येतो.

तो स्कूटरवरून आला. मी गेटवर उभा होतो. वडिलांना मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मोठ्या बाईंच्या ऑफिसात त्याला बसवलं, आणि बाईंनी सवयीप्रमाणे घंटी वाजवली. "मामा, पाहुण्यांना चहा."

इतके महिने मी सगळा विचार केला होता, फक्त हा केला नव्हता. शाळेत येणाऱ्याला चहा माझ्या वडिलांनाच द्यावा लागणार होता.

वडील ट्रे घेऊन आले. त्यांनी त्याला ओळखलं. कप त्याच्यासमोर ठेवला, बशीतून एक थेंबही न सांडता. तेव्हा दुकानदार बोलत होता. "मॅडम, ती स्मरणिका... ते मशीनमुळे झालं. आमच्याकडून मेमरी जरा चुकीची गेली होती."

"गेली नव्हती," मी म्हणालो. "नीट सांगा."

तो कपाकडे बघत राहिला. "शंभरची होती. लेबल एकशे तेहेतीसचं... आम्हीच लावलं होतं. मुलाचं काही चुकलं नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. वडील ट्रे घेऊन बाहेर जातील म्हणून मी दारातून बाजूला झालो. ते गेले नाहीत.

"बाई, हे स्टाफरूममध्ये सांगायला पाहिजे."

"आत्ता सगळे वर्गावर आहेत, मामा."

"मग नोटीस काढा."

शाळेत नोटीस वहीत निघते. मुख्याध्यापिका लिहितात, शिपाई ती वही वर्गावर्गात नेतो, शिक्षक तास थांबवून ती मोठ्यानं वाचतात आणि खाली सही करतात. सुट्टीची, फीची, सहलीची. वडिलांनी अशा किती वह्या फिरवल्या असतील, त्याला गणती नाही.

"अशी कशी नोटीस काढायची?" बाई म्हणाल्या. "हा काय शाळेचा विषय आहे?"

"जूनमध्ये नोटीस न काढताच सगळ्यांना कळलं होतं, बाई."

बाईंनी टेबलावरचा चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहून झाल्यावर आम्हाला वाचून दाखवलं. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे काम संगणकातील सदोष मेमरीमुळे बिघडले. विक्रेत्याने तिच्यावर खोटे लेबल लावले होते. टंकलेखन करणाऱ्याचा त्यात दोष नाही. सर्व वर्गशिक्षकांनी नोंद घ्यावी.

"विक्रेते स्वतः हजर आहेत, तेही लिहा," वडील म्हणाले. "आणि त्यांची सही खाली."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं सही केली आणि हेल्मेट उचललं.

"बसा," वडील म्हणाले. "चहा घ्या. वही फिरून येऊ द्या."

ते वही घेऊन निघाले. मी ऑफिसच्या दारात उभा राहिलो. एकेका वर्गातून तीच वाक्यं वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येत होती. कुठे भरभर, कुठे अडखळत, पाचवीच्या वर्गात कोणीतरी 'मेमरी म्हणजे काय हो बाई' असं विचारलेलंही ऐकलं. आठवी 'ब' ऑफिसच्या समोरच होती. तिथे तेच सर होते, छापखान्याचं बोलणारे. त्यांनी वही मनातल्या मनात वाचली आणि सहीसाठी पेन उघडलं.

"सर, मोठ्यानं," वडील म्हणाले. "पोरांना ऐकू जायला पाहिजे."

सरांनी वाचलं. 'दोष नाही' हे शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटले. वडील वही घ्यायला पुढे झाले नाहीत. सरांनी ते वाक्य पुन्हा वाचलं.

वडील परत आले तेव्हा त्यांनी वही बाईंना न देता दुकानदारासमोर टेबलावर उघडून ठेवली आणि एकेका सहीखालून बोट फिरवलं. तो अर्धवट उठला. चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"झालं ना काका आता?"

"नाही अजून," वडील म्हणाले. "दहावीच्या दोन तुकड्या पी.टी.ला ग्राउंडवर गेल्यात. त्या आल्या की झालं."

तो पुन्हा बसला. मोठ्या बाईंनी कपाटाकडे तोंड करून फाइली लावायला घेतल्या. वडील दाराशी, त्यांच्या रोजच्या स्टुलावर बसले, वही मांडीवर ठेवून. पी.टी.चा तास संपायला अजून वीस मिनिटं होती.